घोड्यांचा ताप, कापडाचे रंग आणि डीएनए

2004 साली विदर्भातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. येई, उतरे आणि काही दिवसांनी पुन्हा चढे. हिवतापाची सवय असलेल्या मुलखात अशा तापाचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. पण नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्ताची रंगवलेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा हिवतापाच्या जंतूंऐवजी तांबड्या पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत लांबट, वळवळ्या अंगाचे आणि चाबकासारखी शेपटी असलेले जीव दिसले. ते ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी होते. हा परजीवी घोड्यांना, उंटांना आणि गुरांना सर्रा हा रोग देतो; माणसात झालेली त्याची ही पहिली पक्की नोंद. सुरामिन नावाचं जुनं औषध देऊन रुग्ण बरा झाला.

रंगवलेल्या पट्टीवरचा ट्रिपॅनोसोम नीट न्याहाळला तर त्याचं अंग फिकट निळं दिसतं आणि त्यात दोन गडद ठिपके उठून दिसतात. मधला मोठा ठिपका म्हणजे केंद्रक. टोकाकडचा बारीक ठिपका म्हणजे कायनेटोप्लास्ट, म्हणजेच या जातीच्या जीवांच्या एकुलत्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनएचा गठ्ठा. दोन्ही ठिकाणी रंगाने धरलेली वस्तू एकच, ती म्हणजे डीएनए. बाकी सगळं अंग सोडून रंग नेमका तिथेच का बसतो, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. रंग लावणारे हात मात्र त्यासाठी थांबले नव्हते. डीएनएसारख्या केंद्रकाम्लांना चिकटणाऱ्या बहुतेक सगळ्या रंगांची हकिकत अशीच आहे: आधी कापडावर, मग काचपट्टीवर, मग गुरांच्या किंवा सैनिकांच्या अंगात, आणि सर्वांत शेवटी रेणूशास्त्राच्या पुस्तकात.

सुरुवात कोयनेलपासून होते. 1856 च्या ईस्टरच्या सुट्टीत विल्यम हेन्री पर्किन हा 18 वर्षांचा विद्यार्थी लंडनमधल्या आपल्या घरी कोळशाच्या डांबरातल्या रसायनांपासून हिवतापाचं हे औषध बनवू पाहत होता. औषध झालं नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर जांभळा रंग मिळाला. रेशमावर तो पक्का बसला. पुढच्याच वर्षी पर्किनने कारखाना काढला. 1859 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात फुक्सिन हा किरमिजी रंग निघाला. 1863 मध्ये जर्मनीत माइन नदीकाठच्या होएख्स्ट गावात एक कारखाना उभा राहिला आणि त्यानेही पहिल्यांदा फुक्सिनच केला. बाएर आणि बीएएसएफ या कंपन्याही त्याच सुमाराच्या. वीसेक वर्षांत युरोपच्या बाजारात डांबरातून काढलेल्या रंगांचा पूर आला. या रंगांच्या बाटल्या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या फळ्यांवरही जाऊन बसल्या, कारण शरीराच्या पातळ कापांत एरवी सगळंच पारदर्शक दिसे आणि काहीतरी वेगळं दिसावं म्हणून संशोधक हाताला येईल तो रंग ओतून पाहत होते.

याच काळात ट्यूबिंगन इथल्या किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात फ्रीड्रिख मीशर हा तरुण स्विस डॉक्टर एका किळसवाण्या कच्च्या मालावर काम करत होता. जवळच्या शस्त्रक्रिया-रुग्णालयातून पुवाने भिजलेल्या पट्ट्या आणायच्या, सोडियम सल्फेटच्या द्रावणाने त्यांतल्या पांढऱ्या पेशी धुऊन काढायच्या, डुकराच्या जठरातून मिळवलेल्या पेप्सिनने प्रथिनं पचवून टाकायची आणि उरलेली केंद्रकं तपासायची, असा त्याचा क्रम होता. 1869 मध्ये त्याला फॉस्फरसने भरलेला एक आम्लधर्मी पदार्थ मिळाला. त्याचे गुरू होप्पे-झायलर यांचा त्यावर विश्वासच बसेना. त्यांनी स्वतः सगळे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि मगच 1871 मध्ये निबंध छापला. मीशरने त्या पदार्थाला न्यूक्लीन म्हटलं. आज आपण त्याला डीएनए म्हणतो.

कील शहरात वाल्टर फ्लेमिंग सॅलॅमँडरच्या अळ्यांचे कल्ले आणि पर रंगवत होता. या प्राण्याच्या पेशी मोठ्या आणि त्यांतले धागे ठसठशीत, म्हणून त्याची निवड. ॲनिलीन रंगांनी केंद्रकातला काही भाग असा गडद रंगे की पेशी विभागताना ते धागे कसे आखडतात, कसे उभे चिरतात आणि कसे दोन टोकांना वाटले जातात, हे सारं टप्प्याटप्प्याने चितारता येई. 1882 मध्ये त्याचं पुस्तक आलं. रंग शोषणारा हा पदार्थ आणि मीशरचं न्यूक्लीन एकच असावं, अशी शंका त्याने बोलून दाखवली होती. शंका बरोबर होती, पण सिद्ध करायला हाताशी काही नव्हतं.

रंग कशाला धरतो, या प्रश्नाला पहिल्यांदा रसायनशास्त्राच्या वाटेने भिडला तो पॉल एर्लिख. 1878 चा त्याचा डॉक्टरकीचा प्रबंधच ऊतींच्या रंगकामावर होता. त्याने बाजारातल्या रंगांची आम्लधर्मी, आम्लारीधर्मी आणि उदासीन अशी वर्गवारी केली. इओसिनसारखे आम्लधर्मी रंग प्रथिनांकडे ओढले जातात. मेथिलीन ब्लू, फुक्सिन, मिथाइल ग्रीन हे आम्लारीधर्मी रंग केंद्रकाकडे धावतात. आज याचं उत्तर शाळकरी विद्यार्थीही देईल. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटांची रांग असते आणि प्रत्येक फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. आम्लारीधर्मी रंगाच्या रेणूवर धन प्रभार. ओढ लागणारच. एर्लिखच्या काळी मात्र डीएनएचा कणा कुणाला ठाऊक नव्हता. ठाऊक होती ती रंगाची आवडनिवड.

या ढोबळ ओढीवरच आजही भारतातली बरीचशी हिवताप तपासणी चालते. 1944 मध्ये मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी झटपट रंगवण्याची एक स्वस्त पद्धत काढली. मेथिलीन ब्लूचं ऑक्सिडीकरण करून केलेला निळा रंग एका भांड्यात आणि इओसिन दुसऱ्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञांच्या तोंडी ती जेएसबी या नावाने आहे. काचपट्टी आळीपाळीने बुडवली, धुतली, वाळवली की जंतूचं अंग निळं आणि केंद्रक तांबूस-जांभळं दिसतं. निळ्यातून हा जांभळा कसा उमटतो? मेथिलीन ब्लूच्या ऑक्सिडीकरणातून तयार झालेला ॲझ्युअर बी आधी डीएनएला जाऊन चिकटतो. मग ऋण प्रभाराचा इओसिन त्या चिकटलेल्या ॲझ्युअरपाशी येतो आणि दोघांच्या संगतीतून तिसरी छटा निघते. रशियातल्या रोमानोव्हस्कीने 1891 मध्ये आणि हॅम्बुर्गच्या जिएम्साने 1904 मध्ये ही संगत वापरात आणली, तेव्हा तिचं कारण त्यांनाही सांगता आलं नसतं.

नुसत्या प्रभाराच्या ओढीत एक अडचण होती. आरएनए या दुसऱ्या केंद्रकाम्लावरही फॉस्फेटच असतात. त्यामुळे केंद्रक आणि बाहेरचा पेशीद्रव दोन्ही रंगत आणि घोटाळा होई. जर्मनीत गीसनच्या रॉबर्ट फॉइलगेनने 1924 मध्ये यावर जो तोडगा काढला, तो या इतिहासातला सर्वांत देखणा रासायनिक डाव म्हणावा लागेल. त्याने तोच जुना किरमिजी फुक्सिन घेतला; सल्फ्युरस आम्लाने त्याचा रंग आधीच उडवलेला. पेशींचे काप गरम, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले. त्याने डीएनएमधले प्युरीन बेस गळून पडतात आणि तिथली साखर उघडी पडून तिच्यात अल्डिहाइड तयार होतं. रंग उडालेला फुक्सिन त्या अल्डिहाइडला पक्का बंध करून बसतो आणि पुन्हा किरमिजी होतो. आरएनएच्या साखरेत हे होत नाही, म्हणून जिथे किरमिजी तिथे डीएनए, यात शंकेला जागा उरली नाही. त्याआधी प्राण्यांचं केंद्रकाम्ल एक आणि वनस्पतींचं दुसरं, अशी समजूत होती. फॉइलगेनच्या रंगाने गव्हाच्या अंकुरातली केंद्रकंही किरमिजी केली आणि ती समजूत निकालात काढली.

एर्लिख मात्र दुसऱ्याच मार्गाला लागला होता. रंग जर जंतूला वेचून धरतो, तर रंगाकरवी जंतू मारता का येऊ नये? 1891 मध्ये त्याने हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू देऊन पाहिलं होतं. पुढे फ्रांकफुर्टमध्ये त्याने ट्रिपॅनोसोम हे लक्ष्य धरलं. हा जीव तोवर युरोपीय सत्तांच्या चांगलाच परिचयाचा झाला होता. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याने पंजाबात, डेरा इस्माईल खान इथे, सर्राने मरणाऱ्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. आफ्रिकेत त्याचेच भाऊबंद गुरं आणि माणसं मारत होते आणि वसाहतींचा सारा व्यवहार त्यापायी अडत होता. उंदरांत हा जंतू सहज वाढतो, हा प्रयोगशाळेच्या दृष्टीने मोठा फायदा. 1904 मध्ये एर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी ट्रिपॅन रेड या रंगाने उंदरांतला असा एक संसर्ग बरा केला. कापडाच्या रंगाचा औषध म्हणून जमलेला हा प्रयोग पाहून रंग-कंपन्यांनी कान टवकारले. बाएरने त्याच घराण्यातून रंगहीन पोरं काढली आणि त्यांतलं एक म्हणजे सुरामिन.

गंमत अशी की ट्रिपॅन रेड आणि सुरामिन दोन्ही ऋण प्रभाराचे. डीएनएच्या ते वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. डीएनएला धरणारी पहिली औषधं दुसऱ्या दोन घराण्यांतून आली.

पहिलं घराणं ॲक्रिडिनचं. कार्ल ग्रेबे आणि हाइनरिख कारो यांनी 1870 मध्ये ते डांबरातून वेगळं केलं: तीन कड्या एका ओळीत जोडलेला चपटा रेणू. त्याच्यापासून पिवळे रंग निघाले. 1912 मध्ये एर्लिख आणि बेंडा यांनी ट्रिपॅनोसोमांसाठी एक पिवळा ॲक्रिडिन केला. पुढे तो ॲक्रिफ्लेविन म्हणून ओळखला गेला. पहिल्या महायुद्धात लंडनच्या कार्ल ब्राउनिंगने तो आणि त्याचा भाऊ प्रोफ्लेविन जखमांवर वापरायला काढला. त्या पिवळ्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या भारतातल्या इस्पितळांतही पुढे अनेक दशकं दिसत. 1930 च्या सुमारास बाएरच्या रसायनतज्ज्ञांनी याच सांगाड्यावर मेपाक्रिन हे हिवतापाचं औषध बेतलं. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतलं, कोयनेलची मुख्य वाट बंद झाली, आणि दोस्तांच्या फौजा मेपाक्रिनवर आल्या. इंफाळ आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्यात, ज्यात मराठा पलटणीही होत्या, शत्रूच्या गोळीपेक्षा हिवताप जास्त माणसं आडवी करी. मेपाक्रिनची गोळी कडू, कातडी पिवळी पाडणारी, आणि तिने पुरुषत्व जातं अशी अफवा. शिपाई ती थुंकून टाकत. स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. ज्या पलटणीत 95 टक्क्यांहून कमी जवान गोळी घेताना आढळतील, तिच्या प्रमुखाला घरी पाठवायचं. तीन जण गेले. उरलेल्यांना मुद्दा कळला.

लाखो सैनिकांच्या पोटात गेलेला हा पिवळा रेणू डीएनएला धरतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

युद्धानंतर रंग डीएनएला कसा धरतो हा प्रश्न मोजमापाच्या टप्प्यात आला. 1956 मध्ये आर्थर पीकॉक आणि स्केरेट यांनी डीएनएच्या द्रावणात प्रोफ्लेविन थोडं थोडं घालून किती चिकटतं याचा आलेख काढला. त्यात दोन वेगवेगळ्या बैठका दिसल्या. पहिली घट्ट: साधारण चार-पाच न्यूक्लिओटाइडांमागे एक रेणू बसला की ती भरते. दुसरी सैल: ती थेट प्रत्येक फॉस्फेटमागे एक रेणू होईपर्यंत चालते. सैल बैठक म्हणजे एर्लिखची जुनी प्रभाराची ओढ, हे समजण्यासारखं होतं. पण घट्ट बैठकीत रेणू कुठे बसतो? (पीकॉक पुढे अँग्लिकन धर्मोपदेशक झाले आणि विज्ञान-धर्म संवादासाठी 2001 चं टेम्पल्टन पारितोषिक त्यांना मिळालं. डीएनएच्या इतिहासात अशी माणसं कमी नाहीत.)

उत्तर दिलं अमेरिकेच्या लेनर्ड लर्मनने, 1961 मध्ये. त्याची विचारसरणी पाहण्यासारखी आहे, कारण त्याने रेणू बसलेला डोळ्यांनी पाहिला नाही. परिणामांवरून जागा ताडली. ॲक्रिडिन घातल्यावर डीएनएचं द्रावण अधिक घट्ट, चिकट होत होतं. म्हणजे धागा लांब किंवा ताठ झाला असला पाहिजे. त्याच वेळी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये तो सावकाश खाली बसत होता. म्हणजे वजनाच्या मानाने त्याचा पसारा वाढला होता. रंग नुसता बाहेरून चिकटला असता तर धागा लांबायचं काही कारण नव्हतं. डीएनएत बेसजोड्या 3.4 अँगस्ट्रॉमच्या अंतराने एकावर एक रचलेल्या असतात, आणि ॲक्रिडिनचा सपाट, तीन कड्यांचा रेणू जाडीला जवळपास तेवढाच. लर्मनने मांडलं की रेणू दोन शेजारच्या बेसजोड्यांच्या मध्ये शिरतो, त्या दोघी एकमेकींपासून दुप्पट अंतरावर सरकतात आणि सर्पिलाचा पीळ तेवढ्यापुरता सैल होतो. पुढे त्याने आणखी एक पुरावा जोडला: डीएनएत बसलेल्या रंगाचे अमिनो गट नायट्रस आम्लाशी नेहमीच्या वेगाने अभिक्रिया करत नाहीत. अभिक्रिया करायला आम्ल तिथवर पोचलं पाहिजे. ते पोचत नाही, कारण वरखाली बेसजोड्यांची छपरं आहेत.

केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक आणि सिडनी ब्रेनर यांना या शोधाचा ताबडतोब उपयोग झाला. टी-4 या जीवाणुभक्षक विषाणूत प्रोफ्लेविनने होणारी उत्परिवर्तनं इतर रसायनांहून वेगळी, जास्त बिघाड करणारी असत. रंगाचा रेणू बेसजोड्यांच्या मध्ये घुसत असेल, तर डीएनएची नक्कल होताना एखादं अक्षर, म्हणजे एखादा बेस, जास्त पडत असेल किंवा गळत असेल, असा तर्क त्यांनी लढवला. मराठीत उदाहरण करून पाहता येतं. ‘भरत बदक बघत पळत’ हे तीन-तीन अक्षरांनी वाचायचं ठरलं आहे. ‘भरत’ नंतर एक ‘ग’ घुसला, तर वाचन ‘भरत गबद कबघ तपळ’ असं होतं. त्या जागेपासून पुढे सगळाच अनर्थ. थोडं पुढे एक अक्षर गाळलं, तर गाडी पुन्हा रुळावर येते. आणि एक अक्षर गाळण्याऐवजी आणखी दोन घातली, म्हणजे जास्तीची एकूण तीन झाली, तरी येते. 1961 मध्ये क्रिक आणि लेस्ली बार्नेट यांनी असे तीन जादा अक्षरांचे विषाणू जुळवले. रात्री उशिरा पेट्रीच्या थाळ्या पाहिल्या, तर विषाणूंचे ठिपके उमटलेले होते. जनुकांची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली आहे, हे या प्रयोगाने दाखवलं. जखमेला लावायच्या पिवळ्या औषधाशिवाय हा प्रयोग इतक्या सरळ वाटेने झाला नसता.

विदर्भातल्या त्या शेतकऱ्याच्या गोष्टीतही हीच चूक सापडली. माणसाच्या रक्तात एपीओएल-1 नावाचं प्रथिन असतं आणि ते बहुतेक ट्रिपॅनोसोमांना मारतं. या माणसात ते नव्हतंच. 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याचं कारण मिळालं: आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही जनुकांत वाचनाची चौकट सरकलेली.

दुसरं घराणं फेनॅन्थ्रिडिनचं. त्यातलं डिमिडियम हे औषध आफ्रिकेतल्या गुरांच्या ट्रिपॅनोसोमांवर चाललं, पण त्याने जनावरांना त्रास होई. 1952 मध्ये नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत वॉटकिन्स आणि वुल्फ यांनी त्याच्या रेणूवरचा मिथाइल गट काढून तिथे इथाइल गट बसवला. औषध अधिक गुणकारी झालं. पशुवैद्य त्याला होमिडियम म्हणतात. प्रयोगशाळेत तेच इथिडियम ब्रोमाइड, आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या पोरांच्या बोलण्यात नुसतं ईटीबीआर. केंब्रिजच्या मायकेल वॅरिंगने 1965 मध्ये ते डीएनएला कसं चिकटतं ते मोजलं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये ल पेक आणि पाओलेत्ती यांनी दाखवलं की डीएनएत शिरल्यावर या रंगाची चमक वीस-पंचवीस पटींनी वाढते. पाण्यात एकटा असताना उत्तेजित रेणू आपला एक प्रोटॉन पाण्याला देऊन टाकतो आणि त्याची ऊर्जा वायफळ जाते. बेसजोड्यांच्या आडोशाला पाणी पोचत नाही, म्हणून ती ऊर्जा नारिंगी प्रकाशात बाहेर पडते. 1970 च्या दशकात रॉचेस्टरमध्ये साय, जैन आणि सोबेल यांनी इथिडियम आणि छोट्या केंद्रकाम्लांचे एकत्र स्फटिक काढले आणि लर्मनने ताडलेली जागा क्ष-किरणांनी पाहिली.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेरोम व्हिनोग्राड यांनी या रंगाचा उपयोग करायची फार हुशार रीत काढली. रंग घुसला की पीळ सुटतो. दोन्ही टोकं मोकळी असलेला धागा आरामात पीळ सोडतो आणि भरपूर रंग घेतो. वर्तुळाकार, बंद धाग्याला पीळ सोडायला जागा नाही. तो थोडा रंग घेऊन अडतो. रंग जितका जास्त, तितकी डीएनएची घनता कमी. मग सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात सेंट्रिफ्यूज फिरवलं की दोन पट्टे वेगळे उभे राहतात: वर मोकळा डीएनए, खाली बंद वर्तुळं. 1967 मधली ही पद्धत पुढे प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूंतली डीएनएची छोटी वर्तुळं, शुद्ध करायला जगभर वापरली गेली. अतिनील दिव्याच्या उजेडात नळीच्या कुशीत इंजेक्शनची सुई खुपसायची आणि खालचा नारिंगी पट्टा हलकेच ओढून घ्यायचा. हात थरथरला तर दोन दिवसांचं काम बेसिनमध्ये. 1973 मध्ये फिलिप शार्प आणि त्याच्या सोबत्यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये ॲगरोजच्या थरात इथिडियम वापरून डीएनएचे तुकडे सरळ डोळ्यांना दिसतील असं केलं. त्याआधी थराचे काप करून किरणोत्सार मोजत बसावं लागे.

आज बीएस्सीच्या प्रयोगशाळेतलं दृश्यही तेच आहे. ॲगरोज बफरमध्ये उकळायचं, हाताला सोसवेल इतकं निवलं की ट्रेमध्ये ओतायचं, कंगवा लावून खाचा पाडायच्या, थर गोठला की खाचांत पिपेटने नमुना सोडायचा आणि वीजप्रवाह सुरू करायचा. नमुन्यातला ब्रोमोफिनॉल ब्लू पुढे पळतो आणि नवखी पोरं त्यालाच डीएनए समजतात. तो ऋण प्रभाराचा असल्यामुळे डीएनएशी त्याचं काही देणंघेणं नसतं. खरा डीएनए अतिनील पेटीवर ठेवल्यावर नारिंगी पट्ट्यांनी उमटतो. इथिडियमला हातमोजे लागतात, वेगळा कोपरा लागतो, वेगळा कचरा लागतो, कारण यकृताच्या अर्कासोबत जीवाणूंवरच्या एम्स चाचणीत ते उत्परिवर्तनं घडवतं. थरात त्याचं प्रमाण एका मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. आणि आफ्रिकेतल्या गाईला तेच औषध टोचलं जातं ते किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशेबाने. हा विरोधाभास सांगितला की विद्यार्थी आधी हसतात, मग मोजे नीट ओढून घेतात.

मेपाक्रिनचीही दुसरी खेळी बाकी होती. स्टॉकहोममध्ये टोर्ब्यॉर्न कास्परसन आणि लोरे झेख यांनी त्याला नायट्रोजन मस्टर्डची जोड दिली. विचार असा की मस्टर्ड ग्वानीन या बेसला धरेल आणि ग्वानीनबहुल भाग उजळतील. 1970 पर्यंत मानवी गुणसूत्रांवर चमकदार आणि अंधारे पट्टे मिळाले, प्रत्येक गुणसूत्राची ओळख पटू लागली, आकाराने सारखी वाटणारी 21 आणि 22 वेगळी काढता आली. पण तर्क उलटा निघाला. उजळत होते ते ॲडेनीन-थायमीन भरलेले भाग. ग्वानीन तर चमक मारत होतं. पद्धत मात्र टिकली. 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट रोली यांनी याच चमकदार पट्ट्यांवरून रक्ताच्या एका कर्करोगात 9 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले ओळखले. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडत असत.

बेसजोड्यांच्या मध्ये न शिरताही डीएनएला धरता येतं, हे पुन्हा ट्रिपॅनोसोमच्या औषधांनीच शिकवलं. होएख्स्ट कंपनीचं बेरेनिल हे 1955 चं पिवळं औषध आपल्याकडच्या पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे. सर्रा झालेल्या किंवा गोचिडीमुळे बबेसियाचा ताप आलेल्या जनावराला ते पाण्यात विरघळवून मांसात टोचतात. 1971 मध्ये एर्लांगेनला ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत त्याच धर्तीवर एक रेणू बनवला गेला, डापी. औषध म्हणून तो वाया गेला. आज मात्र जीवशास्त्रातली निळी केंद्रकं दाखवणारी बहुतेक छायाचित्रं त्याच्याच जोरावर निघतात. होएख्स्ट 33258 हा आणखी एक, मुळात जंतांवरच्या औषधांच्या शोधातला. हे तिन्ही रेणू चपटे असले तरी लांब आणि किंचित बाकदार आहेत, आणि त्यांच्या बाकाचा अंश डीएनएच्या अरुंद खाचेच्या वळणाशी जुळतो. ॲडेनीन-थायमीनच्या रांगेत ती खाच आणखी अरुंद असते आणि ग्वानीनचा अमिनो गट आत आड येत नाही, म्हणून ते तिथे चपखल बसतात. 1987 मध्ये रिचर्ड डिकरसन यांच्या प्रयोगशाळेतून होएख्स्ट 33258 चं असं स्फटिकचित्र आलं. ट्रिपॅनोसोमच्या कायनेटोप्लास्टमधला डीएनए ॲडेनीन-थायमीनने भरलेला असतो. बेरेनिलला तो का सापडतो, हेही यावरून उमगतं.

चिकटणं म्हणजे मारणं, असं समजायचं मात्र कारण नाही. कर्करोगात शिरेतून देतात ते लाल डॉक्सोरुबिसिन डीएनएत शिरतं, हे बरीच वर्षं माहीत होतं आणि त्यानेच पेशी मरतात असं मानलं जाई. 1984 मध्ये लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवलं की ते टोपोआयसोमरेज-2 या विकराला कामाच्या मध्यावर अडकवतं. हे विकर गुंता सोडवण्यासाठी डीएनए कापतं आणि पुन्हा जोडतं. औषधामुळे कापलेलं जोडायचं राहून जातं.

प्रयोगशाळेत इथिडियम मात्र नव्या कामाला लागलं: 1992 मध्ये रसेल हिगुची यांनी डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरच्या नळीतच ते घातलं आणि डीएनए वाढेल तशी चमक वाढताना यंत्राबाहेरून पाहिली. लवकरच इथिडियमच्या जागी ओरेगनच्या मॉलेक्युलर प्रोब्ज या कंपनीचा सायबर ग्रीन आला. तो सायनीन घराण्यातला. या घराण्याची आधीची नोकरी छायाचित्रांच्या फिल्मला वेगवेगळे रंग जाणवून देण्याची होती. कंपनीने त्याची रचना सांगितली नाही. 1920 च्या दशकात बाएरने सुरामिनची रचना अशीच दडवली होती आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या अर्नेस्ट फुर्नो यांनी ती 1924 मध्ये स्वतः शोधून छापली. सायबर ग्रीनच्या बाबतीतही बाहेरच्याच संशोधकांना वस्तुमान-वर्णपटमापी आणि एनएमआर लावून बसावं लागलं. त्यांचा निबंध 2004 मध्ये आला, आणि तोवर जगभरच्या प्रयोगशाळांत हा रंग रोजच्या वापरात रुळून कितीतरी वर्षं झाली होती.